चावीवाल्याचं लिनक्स

भोईवाडा, परळ व लगतच्या परिसरातील तमाम रहिवाशांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या चाळीतील दुसरा मजला, खोली क्रमांक एकवीस येथील श्री. प्रल्हाद साळवे, पालिकेच्या पाणीखात्यातील निवृत्त चावीवाले, वय वर्षे साठ, शिक्षण नववी अर्धी, यांनी सोर्स कोडपासून स्वतःच्या हाताने लिनक्स बांधावयास घेतले आहे. या कामामुळे कोणाच्याही पाण्यावर परिणाम होणार नाही. तरी घाबरून पिंपे भरून ठेवू नयेत.

हे निवेदन मी चाळीच्या गॅलरीत उभं राहून, घसा साफ करून, जमेल तेवढ्या जड आवाजात केलं. कामगारांच्या नाट्यस्पर्धांमध्ये मला आजवर चार हवालदार, दोन न्यायाधीश आणि एक प्रेत एवढ्याच भूमिका मिळाल्या, त्यामुळे भारदस्त बोलायची हौस अजून शिल्लक आहे. बायका हसल्या. ज्यांच्याबद्दल निवेदन होतं ते साळवेकाका मात्र ऐकायला थांबलेच नाहीत. पहिलं वाक्य संपेपर्यंत ते जिन्याशी पोचले होते, दुसऱ्या वाक्याला परत फिरले आणि शेवटच्या वाक्याला माझ्यापुढून जाताना, पाय न थांबवता म्हणाले, "एकसष्ट. वय चुकलं तुझं."

साळवेकाका थांबत नसत. हे मी अलंकारिक सांगत नाही. मी त्यांच्या शेजारच्या खोलीत वाढलो, तिथेच माझं लग्न झालं, तिथेच डोक्यावरचे केस गेले, आणि एवढ्या काळात त्यांना बसून चहा पिताना मी पाहिलं नव्हतं. कप डाव्या हातात, बशी उजव्या हातात, आणि माणूस गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणाकडे गेले तर एक चप्पल काढून, एक पायात ठेवून उंबऱ्यावर उभे. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याचं काम मागून घेत, म्हणजे बसावं लागत नसे.

ज्यांना चावीवाला ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मुंबईत पाणी सगळ्यांना एकाच वेळी येत नाही. गल्लीची वेळ ठरलेली असते. त्या वेळेला एक माणूस खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी घेऊन येतो, रस्त्यातलं झाकण उचलतो, चेंबरमध्ये चावी घालून मोजून आटे फिरवतो आणि गल्लीच्या नळांना पाणी येतं. ठरलेल्या वेळी तोच परत येऊन ते बंद करतो. लोक म्हणतात, पाणी आलं. साळवेकाकांना हे वाक्य मुळीच खपत नसे. पाणी येत नाही, कोणीतरी सोडतं, असं ते दर वेळी सुधारून सांगत.

छत्तीस वर्षं त्यांनी परळपासून चिंचपोकळीच्या बाजूपर्यंत ही चावी वाहिली. उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली गेला होता. रस्त्यांची नावं त्यांना येत नसत, वेळा येत. "साडेपाचवाल्या गल्लीत एक दवाखाना आहे बघ," असा पत्ता सांगायचे. नवा माणूस भेटला की नाव विचारायच्या आधी त्याच्या घरी पाणी किती वाजता असतं ते विचारायचे, आणि उत्तर ऐकून मान हलवायचे, जणू गोत्र कळलं. आणि कुठलंही काम समोर आलं, मग ते चाळीची पूजा असो, जयंतीची मिरवणूक असो की माझ्या बायकोने घातलेला लाडवांचा घाट, त्यांचा प्रश्न एकच असायचा: "आधी कुठली?" म्हणजे कुठली चावी आधी फिरवायची. क्रम चुकला तर वरच्या मजल्याला पाणी चढत नाही, हे त्यांचं जगाविषयीचं एकूण मत होतं.

असा माणूस निवृत्त झाला.

पहिले आठ दिवस हार, फोटो आणि लाडू यांत गेले. नवव्या दिवशी पहाटे चारला काका नेहमीसारखे उठले आणि फेरीला निघाले. त्यांच्या जागी एक नवा तरुण चावीवाला आला होता. काका त्याच्या मागे दहा पावलांवरून चालत. तो झाकण उचलायला वाकला की हे खाकरत. आटे कमी फिरवले की मोठ्याने मोजत. महिनाभर त्या पोराने सोसलं. मग एक दिवस त्याची गाडी चुकली आणि त्याला यायला पाऊण तास उशीर झाला. काका घरी आले. पलंगाखाली त्यांची स्वतःची एक जुनी चावी होती, खात्याने मोडीत काढलेली, ती काढली, खांद्यावर घेतली, आणि जाऊन सहा वाजताच्या गल्लीला सहा वाजता पाणी सोडलं. तो पोरगा धावत आला तेव्हा त्याने आपल्या परीने तोच व्हॉल्व्ह उघडायला म्हणून फिरवला. आधीच उघडा होता, आणखी फिरवला, आतला दांडा तुटला, दुरुस्तीसाठी मेन लाइनच बंद करावी लागली, आणि अर्धा परळ दिवसभर कोरडा राहिला.

दुसऱ्या दिवशी खात्याचे इंजिनिअर चाळीत आले. चांगला माणूस. चहा घेतला, काकांना वाकून नमस्कारही केला. मग हळू आवाजात म्हणाले की पुन्हा चेंबरला हात लागला तर मला पोलिसात लिहून द्यावं लागेल, काका, माझा इलाज नाही. जाताना ते चावी घेऊन गेले. ती जिन्यावरून उतरताना प्रत्येक पायरीवर आपटत होती.

सुलोचनाकाकू, म्हणजे काकांची बायको, या एरवी मऊ बाई. पण त्या संध्याकाळी त्यांनी दार न लावता, म्हणजे आम्हाला ऐकू जावं अशाच बेताने, निर्वाणीचं सांगितलं. "तुम्हाला पकडून नेलेलं मला बघायचं नाही. रस्त्यात चेंबरमध्ये डोकं घालता, मागून गाडी येते, ते तर नाहीच बघायचं. एक काम, कसलंही, बसून पुरं करून दाखवा. बसून. नाही जमलं तर मी नाशिकला भावाकडे जाते, मग फिरा चोवीस तास."

काका तेव्हाही फिरतच होते. पण फिरता फिरता म्हणाले, "बरं."

आता बसायचं काम कुठून आणायचं? चाळीने सूचना केल्या. कॅरम सुचवला गेला. काका प्रत्येक सोंगटीला उठून बोर्डाभोवती चक्कर मारत, ते रद्द झालं. विहारात पाली शिकायला नाव घातलं. तिथे मागच्या भिंतीला टेकून उभे राहत, शिक्षकांनी हात जोडले. शेवटी काकांची मुलगी आली. संघमित्रा, आमची मित्रा, लोअर परळला एका काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर काम करते आणि लग्नानंतर ठाण्याला राहते. तिने आपला जुना लॅपटॉप आणला. बॅटरी मेलेली, वायर लावली तरच चालायचा, पण चालायचा. बाबांनी यूट्यूबवर जुनी गाणी ऐकावीत, एवढाच तिचा साधा हेतू.

काकांनी लॅपटॉप उचलला, उलटा केला, कानाला लावला आणि विचारलं, "ह्याच्यात आत काय आहे?"

मित्रा म्हणाली, लिनक्स आहे, कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा.

"ते कुठून येतं?"

इथे पोरीने चूक केली. तिने खरं उत्तर दिलं. ती म्हणाली की लिनक्स जगभरातले लोक मिळून लिहितात, त्याचा सगळा सोर्स कोड, म्हणजे माणसांनी हाताने लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही फुकट मिळतो. कंपायलर नावाचा एक प्रोग्राम तो मजकूर यंत्राला कळेल असा करून देतो. आपल्याला ते सगळं तयार मिळतं म्हणून आपण बघत नाही, पण म्हटलं तर कोणी अगदी पहिल्या तुकड्यापासून आपलं आपण बांधूही शकतं. तसं शिकवणारं पुस्तकसुद्धा आहे. आमच्या ऑफिसात मात्र असं कोणी करत नाही, बाबा, तयारच घेतात.

"नळही तयारच मिळतो," काका म्हणाले. "तेवढ्याने पाणी कळलं असं होत नाही."

झालं. दुसऱ्या दिवशी मित्राने ते इंग्रजी पुस्तक छापून आणलं, जाडजूड, शाळेच्या दप्तरात मावणार नाही एवढं, आणि माझी साडेसाती सुरू झाली. काकांचं इंग्रजी व्हॉल्व्ह, प्रेशर, लीकेज आणि सस्पेंड एवढंच. माझं विमा कंपनीतल्या कारकुनाला पुरेल इतपत. मी उंबऱ्यात बसून एकेक ओळ वाचायची, मराठी करून सांगायचं, आणि काकांनी माझ्यासमोरून येरझारा घालत ते ऐकायचं. समजलं की ते आत जात, वहीत देवनागरीत लिहीत, पुन्हा बाहेर. वहीत पानोपानी कॉम्प्युटरला द्यायच्या 'मेक', 'मेक इन्स्टॉल' अशा आज्ञा, 'इथे चूक झाली तर मागे जाणे' असं काय काय. कॉम्प्युटरच्या बाबतीत आम्ही दोघंही अडाणी. फरक इतकाच की मला माझ्या अडाणीपणाची लाज वाटत होती आणि त्यांना अजिबात नाही.

पुस्तकात एक जागा आली जिथे माझं डोकं बंद पडलं. आधी जुन्या कंपायलरने नवा कंपायलर बांधायचा. मग त्या नव्याने आणखी चार गोष्टी बांधायच्या. मग त्याच कंपायलरने स्वतःलाच पुन्हा बांधायचं. मी पान उलटसुलट केलं. म्हटलं, काका, छापताना काहीतरी घोटाळा आहे, एकच काम दोनदा आलंय.

काका थांबले नाहीत पण हळू झाले. "घोटाळा नाही. जुनी मेन लाइन गंजली की काय करतो आम्ही? ती चालू ठेवूनच बाजूला नवी टाकतो. पहिल्यांदा नवीला जुनीचंच पाणी. मग नवी धुवायची, तिचं पहिलं पाणी फेकून द्यायचं. मग पुन्हा भरायची, आणि आता जुनी तोडायची. पहिल्या भरण्यात जुनीचा गंज असतो रे." मित्राला मी फोनवर हे जसंच्या तसं सांगितलं. तिने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, काका, मला कॉलेजात हे दोन सत्रं कळलं नव्हतं.

तर असा माणूस कामाला लागला, आणि आमच्या चाळीने असा खेळ आजवर पाहिला नव्हता. कारण सोर्स कोडपासून यंत्रणा बांधणं म्हणजे खरं तर वाट बघणं. आज्ञा लिहायला अर्धं मिनिट लागतं. मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागतात, खालून वर, खालून वर, आणि त्या जुन्या लॅपटॉपवर हे तासन् तास चालतं. परळमधल्या सर्वांत अस्वस्थ माणसाने जगातलं सर्वांत चिकाटीचं काम निवडलं होतं. काका स्टुलावर बसत. मी घड्याळ लावून पाहिलं आहे: चार मिनिटं. मग उजवा गुडघा हलायला लागे. मग डावा. मग स्टूल. सातव्या मिनिटाला ते गॅलरीत. टोकापर्यंत जाऊन परत. येताना खिडकीतून आत बघून म्हणायचे, "वाहतंय." पुन्हा टोक. "वाहतंय." दुपारची झोप घेणाऱ्यांनी तक्रार केली. कधी वाकून लॅपटॉपच्या पाठीला कान लावायचे, जसा चावीच्या दांड्याला लावून जमिनीखालची गळती ऐकायचे तसा. आतला पंखा जोरात फिरू लागला की म्हणायचे, आता चढावर लागलं. आणि ओळी थांबल्या की, मग त्या काम झालं म्हणून थांबोत की चुकलं म्हणून, त्यांचा चेहरा पहिल्या क्षणाला एकच होत असे, कोणीतरी अंगणात पडल्याची हाक आल्यासारखा.

काकूंचं मत स्वच्छ होतं. "ह्याला बसणं म्हणत नाहीत," त्या मला म्हणाल्या, "मशीन बसलंय, हे फिरतायत." पण नाशिकचं नाव त्यांनी त्या दिवसांत काढलं नाही.

मग परबकाकूंनी उपकार केले.

परबकाकू पलीकडच्या खोलीतल्या, मूळच्या मालवणकडच्या, चाळीतल्या सर्वांत जबाबदार बाई. आमच्याकडे दिवसा दारं उघडी असतात आणि उघड्या दारातून जे दिसेल ते नीट करणं हे शेजाऱ्याचं कर्तव्य. दूध उतू जात असेल तर गॅस बंद करायचा, दोरीवरून कपडा पडला तर उचलायचा. कंपायलर स्वतःलाच पुन्हा बांधत होता तो दिवस. सकाळी सहाला लावलेलं काम दुपारी तीनपर्यंत वाहत होतं. सुलोचनाकाकू बाजारात गेलेल्या, काका गॅलरीच्या लांबच्या टोकाला. परबकाकूंनी आत पाहिलं. खोलीत माणूस नाही, पंखा चालू, मशीन चालू, त्यावर काहीतरी भरभर पळतंय. त्यांनी आत जाऊन आधी पंखा बंद केला. मग भिंतीवरचं बटण.

काका परत आले, खिडकीतून बघितलं, आणि 'वाहतंय' म्हणायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

"कोणच नाय खोलीत, नि मशीन आपला चालता हा," परबकाकू पदराला हात पुसत म्हणाल्या. "बिल कोण भरतलो? म्हणान बंद केलंय. देवाक काळजी, तुम्हांक नाय."

नऊ तासांचं काम गेलं होतं. काका परबकाकूंकडे बघत राहिले. मग त्यांनी जे केलं ते मी रंगमंचावर केलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता. ते म्हणाले, "बरं केलंत. मीही पंखा बंद करायला हवा होता." आणि आत गेले.

संध्याकाळी मित्राचा फोन आला. ती म्हणाली, बाबा, पुन्हा पहिल्यापासून करायची गरज नाही, तुटलं तिथून पुढे चालवता येतं बहुतेक, एखादी अर्धवट फाइल सोडली तर. काका म्हणाले, अर्धी भरलेली लाइन मी कधी पुढे सोडली नाही. आणि त्यांनी सगळं पुसून तो टप्पा पुन्हा सुरू केला.

त्या दिवशी मी उंबऱ्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलो. काका माझ्यासमोरून तीनदा गेले, तीनदा आले, आणि चौथ्या फेरीला, माझ्याकडे न बघता, त्यांनी जे सांगितलं ते मी मध्ये काही न घालता लिहितो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका दोस्ताने हाक मारली म्हणून ते चहाला बसले होते. गप्पा रंगल्या. गल्लीला पाणी चाळीस मिनिटं उशिरा सुटलं, आणि पुढची वेळ दुसऱ्या गल्लीची, म्हणून बंद मात्र वेळेवर करावं लागलं. वरच्या मजल्याला चढलंच नाही. परत जाताना एका बाईने जिन्यात त्यांना अडवलं. नुकती बाळंतीण, घरात कोणी नाही. ती भांडली नाही. तिने कोरडी कळशी फक्त त्यांच्यापुढे धरली, त्यांनी आत बघावं म्हणून.

"तेव्हापासून बसलो ना, की वाटतं, कुणाचं तरी पाणी राहिलंय," काका म्हणाले. "आता काहीच सोडायचं नाहीये. तरी वाटतं. हिला काय सांगू?"

मी बोलका माणूस. पण मी तोंड उघडेपर्यंत काका पुढच्या फेरीला निघून गेले होते.

तीन महिने लागले. मी आता इथे एकेक तुकडा सांगत बसत नाही. एका वहीच्या चार वह्या झाल्या, एवढंच. शेवटी कर्नलची पाळी आली. कर्नल म्हणजे ह्या सगळ्या यंत्रणेचं मूळ, डिस्क, कीबोर्ड, पडदा, सगळ्यांशी तोच बोलतो. तो बांधण्याआधी एक लांबच लांब यादी येते, हजारो नावांची, प्रत्येकापुढे एक चौकट. कॉम्प्युटरमध्ये जे असेल त्याच्यापुढे चांदणी ठेवायची, बाकीच्यांची काढायची. पुस्तकात सरळ लिहिलं होतं, मी मराठीत सरळ सांगितलं होतं, की नवशिक्याने जे कळत नाही ते जसं आहे तसं सोडावं.

पण तुम्ही चावीवाल्याला अशी यादी द्याल आणि तो स्वस्थ राहील? आयुष्यभर त्याला शिकवलेलं की जे कनेक्शन कोणाचं ते माहीत नाही, ते आधी बंद करायचं. ज्याचं असेल तो बोंबलत येतो. काकांनी दोन दिवस एकेक ओळ पाहिली आणि जे ओळखीचं वाटलं नाही ते बंद केलं. रेडिओ बंद, जॉयस्टिक बंद, कधी न ऐकलेल्या शंभर कंपन्यांची यंत्रं बंद. कर्नल एवढासा झाला. काका खूश. फुकट पाणी जाणारी अशी किती भोकं बुजवली ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

रविवारी सकाळी उद्घाटन ठरलं. मित्रा ठाण्याहून नवऱ्याला घेऊन आली. काकूंनी शिरा केला. परबकाकूंना मुद्दाम पुढची खुर्ची, भिंतीवरच्या बटणापासून लांबची. मी दोन शब्द बोलायला उभा राहिलो, मला बसवण्यात आलं. काकांनी नवा सदरा घातला होता. त्यांनी बटण दाबलं आणि हात मागे घेऊन उभे राहिले.

ओळी धावल्या. पटापट, स्वच्छ, अगदी वाहत्या. चाळीने टाळ्या वाजवल्या. मग ओळी थांबल्या. शेवटच्या ओळीत इंग्रजीत कर्नल पॅनिक असं लिहिलं होतं, म्हणजे कर्नल घाबरला, असं मी सवयीने मराठी करून सांगितलं.

"कोण घाबरलो?" परबकाकूंनी विचारलं, आणि इतक्या शांततेत विचारलं की ते गॅलरीच्या टोकापर्यंत गेलं.

मित्राने पडद्यावरची वरची ओळ वाचली. तिला कळलं, तिच्या चेहऱ्यावर दिसलं की तिला एका क्षणात कळलं. तिने तोंड उघडलं. काकांनी तिच्याकडे न बघता तळहात वर केला. "मित्रा, सांगू नको."

पोरीने शिऱ्याच्या बशा भरायला घेतल्या. शिरा खाल्ला गेला. जाताना जिन्यात तिने मला गाठलं आणि घाईने म्हणाली की एकच चांदणी, काका, एकच राहिली आहे. बाबांनी डिस्कचंच कनेक्शन बंद करून टाकलंय, कर्नल जागा होतो आणि त्याला स्वतःचं घर सापडत नाही. तुम्ही सांगू नका हं. आणि ती गेली, मला, माझ्यासारख्या माणसाला, हे गुपित देऊन. पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. बायकोने दोनदा विचारलं, पोट दुखतंय का.

काकू आता भिंतीला टेकून काकांच्या येरझाऱ्यांची वाट बघत होत्या. चाळही बघत होती. कारण सगळ्यांच्या मनात एकच होतं: आता हा माणूस पुस्तक मिटेल, पायात चपला घालील आणि पहाटे कुठल्या तरी चेंबरपाशी सापडेल. काकूंनी पिशवी बाहेर काढून ठेवली होती. भरली नव्हती, पण बाहेर काढली होती.

काका गॅलरीत आलेच नाहीत. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. आतून फक्त पानं उलटल्याचा आवाज. दाराशी गेलं तर ते स्टुलावर, वहीत उतरवून घेतलेली यादी समोर, बोट एकेका ओळीवर, पहिल्यापासून. बंद केलेली प्रत्येक चौकट ते पुन्हा वाचत होते आणि वहीत तिच्यापुढे लिहीत होते: 'हे कोणाचं?' मी वाकून पाहिलं. तिसाव्या-चाळिसाव्या पानावर ते होते. ती चांदणी कितव्या पानावर आहे याची मला कल्पनाही नव्हती, नाहीतर मी खोकलो असतो.

त्याच आठवड्यात आमची जायची वेळ आली. चाळ पाडून नवी इमारत व्हायची, आम्हाला तोवर कळव्याला भाड्याने जागा मिळाली होती. गुरुवारी टेम्पो खाली उभा होता, बायको कपाटाच्या पायांवरून हमालांशी वाद घालत होती, आणि मी निरोप घ्यायला एकवीस नंबरच्या दारात गेलो. पुढे फोनवर आम्ही बोलतो, नाही असं नाही. पण काकांना समोर पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

खोलीत दुपारचं ऊन आलं होतं. पडदा काळा. वर डाव्या कोपऱ्यात एकच पांढरी ओळ, लॉगिन, आणि तिच्यापुढे एक छोटी रेघ उघडझाप करत होती. कर्नलला स्वतःचं घर सापडलं होतं आणि तो आता आत येणाऱ्याचं नाव विचारत होता. चित्र नाही, रंग नाही, आवाज नाही. कोणाला दाखवलं असतं तर म्हणाला असता, बिघडलंय वाटतं. काका स्टुलावर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर. गुडघा हलत नव्हता. दुसराही हलत नव्हता. त्यांनी नाव लिहिलं नव्हतं, कुठलीही कळ दाबली नव्हती. नुसते बघत होते. उतरता खांदा आणि वरचा खांदा, दोन्ही खाली आले होते. सदरा श्वासाबरोबर अगदी मंद वरखाली होत होता, तो मी जवळ असल्यामुळे मला दिसला. निवेदन करण्यासारखा प्रसंग आयुष्यात पहिल्यांदा समोर होता आणि मी चप्पल न काढता उंबऱ्यावरच उभा राहिलो.

किती वेळ गेला कोण जाणे. मागे चपलांचा आवाज झाला. काकू बाजारातून आल्या होत्या, हातात मेथीची जुडी आणि पिशवी. त्यांना दारातून काकांची पाठ दिसली. छत्तीस वर्षांच्या संसारात ती पाठ अशी, न हलता, कधी दिसली नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझा चेहरा तेव्हा नक्कीच माझ्या सर्वांत यशस्वी भूमिकेसारखा, म्हणजे प्रेतासारखा, झालेला असणार. काकूंच्या हातातून पिशवी सुटली. बटाटे गॅलरीभर घरंगळले. आणि ज्या बाईने आयुष्यभर नवऱ्याला एकाच जागी बसवायचा ध्यास घेतला होता, ती ओरडली:

"अहो, हला की! जा, बाहेर एक चक्कर मारून या!"